पाणी पांढरं आहे तोवर

बिअरच्या दोन क्रेटांवर जुनी रजई,
रजईवर बॉनेट, आजाऱ्यासारखं उताणं.
किर्यू गावातला ऑगस्ट. ओबोनची सुट्टी,
पितर घरी येतात ते चार दिवस,
आणि मी शेडमध्ये, गुडघ्यांवर, पॉलिशपेपर घेऊन.

अस्सल कार्बन फायबर, म्हणाला होता विकणारा,
जसं काही त्यानेच बसून विणलंय.
अकरा उन्हाळ्यांनी त्याची लकाकी खाल्लेली.
आधी पिवळट झालं, सिगरेटवाल्याच्या बोटांसारखं,
मग दुधाळ, मग सालपटं सुटली
भाजलेल्या वांग्याची सुटतात तशी.
काळा रंग मार आणि मोकळा हो, फुमिए म्हणाली.
ती सगळ्याच बाबतीत हेच म्हणते.

पण वर मगभर पाणी ओतलं की
खालची वीण वर येते,
तिरकी, काळीभोर, माशाच्या अंगासारखी हलणारी.
पाणी ओघळेपर्यंत.
मग पुन्हा राख.

नियम एकच, रंगारी होसाकाने दिलेला:
पाणी पांढरं आहे तोवर घास,
पांढरं म्हणजे जुनं लॅकर निघतंय.
करडं झालं की हात उचल.
काळं झालं, तर मला फोन करू नकोस.

चारशे नंबर. सहाशे. खांदा भरून आला.
पलीकडच्या शिगेनोबाई काकड्या घेऊन आल्या.
चौतीस वर्षं ओबीच्या कारखान्यात तपासनीस;
स्वतः माग चालवला नाही कधी,
इतरांच्या चुका शोधल्या, बोटांनी.
आता डोळ्यांत मोतीबिंदू
आणि कारखान्यात पावाचं दुकान.

ताप बघावा तसा बॉनेटवर हात ठेवला त्यांनी.
"दोनावर दोन. तिरकी वीण. सूत कसलं?"
जाळलेलं, मी म्हटलं. भट्टीत, हवा न लागू देता,
पार कोळसा होईस्तोवर.
"आणि मग विणतात?"
आणि मग विणतात.
"आमच्याकडे जळलं की टाकून द्यायचे,"
म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळाने हसल्या.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही
असं हट्टी माणसाला चिडून म्हणतात.
मी तर पीळच विकत घेतला होता,
अठरा हजार येनला, घासाघीस करून.

त्यांची बोटं नाकाच्या डाव्या कडेला थांबली.
"इथे कापलंत."
बादलीत पाहिलं. पाणी करडं,
करड्याच्या किंचित पुढे.
बोलण्याच्या नादात हात राखायचा राहिला होता.
दहा येनच्या नाण्याएवढी जागा,
धाग्यांची टोकं वर, दोन दिवसांच्या दाढीसारखी.

लॅकरखाली लपेल, मी म्हटलं.
"लपेल. आम्ही लपवत नसू.
चूक सापडली की तिथे काठाला लाल दोरा बांधायचा.
भाव पडायचा. विणणारी दोन दिवस बोलायची नाही माझ्याशी.
पण पट्टा विकला जायचाच,
कुणाच्या तरी कमरेला छान बसायचा."
एवढं बोलून काकडीची टोपली रिकामी करून मागितली.

लॅकरचे चार हात दिले.
तिसऱ्यात एक चिलट येऊन बसलं, कायमचं.
दोन दिवस शेडकडे फिरकलो नाही,
म्हणजे दर तासाला दारातून पाहिलं.
मग पंधराशे, दोन हजार, आणि लोकरीची गादी
गरगर फिरवत, मनगटं बधिर होईस्तोवर.

सुट्टी संपली. माझ्याच वाटपाच्या पिशवीत
माझ्याच नावाचं पाकीट निघालं,
शेजारच्या घरातून, पूर्ण तिकीट लावून.
अक्षर कापरं. आत वीतभर लाल दोरा, चिठ्ठी नाही.
बिजागरीच्या भोकात बांधलाय.
बॉनेट उघडल्याशिवाय दिसत नाही.

परवा फुमिएच्या डोळ्यात काहीतरी गेलं.
बॉनेटवर वाकली, त्यात बघून काढलं,
पापण्या मिचकावल्या, आणि म्हणाली,
आता बाकीची गाडी म्हातारी दिसते.