रिकाम्याचं वजन

गाडी वर सड्यावरच थांबते.
तिथून खाली खाडीपर्यंत एकशे अठरा पायऱ्या, जांभ्या चिऱ्याच्या,
आणि माझ्या खांद्यावर साडेएकोणतीस किलो.
वाडी मला आवाजावरून ओळखते:
उतरताना धप्‌धप्‌, चढताना खणखण.

बाप याच पाखाडीने घासलेट आणायचा.
कावडीला दोन डबे, कमरेला पत्र्याचं माप, गळ्यात नरसाळं.
रेशनचा निळा रंग त्याच्या नखांतून कधी गेला नाही.
आई त्याला बाहेर पडवीत जेवायला वाढायची,
म्हणायची, ह्यांच्या घामाला काडी लावू नका कोणी.
एका रात्री चिमणी कलंडली, पारकरांच्या माजघरात.
सुलू पारकर माझ्या वर्गात होती. दुसरीत.
बापाने महिनाभर कावड उचलली नाही,
मग उचलली.
काळोख तर रोज पडायचा.

त्याआधी म्हणे उंडीचं तेल होतं,
कडू, हिरवट, जळण्यापेक्षा धुमसणारं.
ते मी पाहिलेलं नाही. पाहिलं ते एवढंच:
देवळामागे उंडीची फळं पडून कुजतात,
पोरं त्यांच्या गोट्या करतात.

वासंती कीरच्या ओट्यावर शेगडी आहे,
शेगडीवर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर फुलदाणी.
"चायपुरता हां," ती म्हणते, "नि पावणे इले तर."
पावती दोनदा वाचते,
डब्यातल्या नोटा तीनदा मोजते.
भात मागे, पडवीतल्या चुलीवर.
माडाची चुडतं, नारळाची सोडणं, सगळं फुकट.
फुकट म्हणजे वेचा, वाळवा,
पावसाआधी माळ्यावर रचा,
विंचू झटका, फुंका, डोळे चोळा, पुन्हा फुंका.
रत्नागिरीच्या डॉक्टरने तिच्या छातीचा फोटो
उजेडात धरला नि विचारलं,
"मावशी, दिवसाला बिड्या किती?"
ती हसली, हसता हसता खोकली, खोकून झाल्यावर म्हणाली,
"चाळीस वर्सं. दोन वेळ. अख्ख्या घराच्या वाटची."

बेकरीची भट्टी कलमांच्या जुन्या खोडांवर चालते.
कुणाचा आंबा आडवा झाला
ते आम्हांला पावाच्या वासावरून कळतं.
धुमाळाचं शेणगॅसचं टाकं
म्हशी विकल्यापासून गप्प आहे,
त्यात आता बेडकं.

आणि जेटीवर रज्जाक होडेकर,
एका फेरीला दोनशे लिटर जाळतो,
कधी चार टोपल्या बांगडा, कधी नुसता कचरा.
लिलावात ओरडतो,
"मासली नाय हो, डिझेल घ्या! डिझेल! मीठ लावलेलं!"
सगळे हसतात. भाव वाढवत नाही कोणी.
डिझेल नसतं तर बारा वाव पाण्यापलीकडे
त्याच्या बापासारखा तोही वाऱ्याची वाट बघत बसला असता,
हेही तोच सांगतो.
इंजिनाखालचं पाणी तो खाडीत उपसतो.
तवंग पसरतो, जांभळा, हिरवा, सोनेरी.
त्याची धाकटी म्हणते, अब्बा, पाण्याला मोरपीस आलं.
जेटीजवळच्या तिसऱ्या आता आम्ही खात नाही.
त्यांना माझ्या बापाच्या ताटाचा वास येतो.

सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं.
या टाकीवर पंधरा, तीनशे. आत गॅस चौदा, दोनशे.
म्हणजे आयुष्यभर मी
आग कमी वाहिली, लोखंड जास्त.
गुडघ्यांना यातला फरक कळत नाही.

आज वासंतीकडे नवी टाकी लावली,
साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, नाहीत.
जुनी तिने स्वतःच दारात आणून ठेवली होती.
"रिकामी झाली," म्हणाली, "कालपासून पेटत नाय."
मी उचलली, निघालो.
चाळिसाव्या पायरीवर खांदा बदलताना
आत काहीतरी डुचमळलं.
थोडंसंच. पण होतं.
चारपाच चहांएवढं तरी.
थांबलो. मागे वळलो.
खाली तिच्या कौलांमधून
धूर वर यायला लागला होता.