सारसोळ्यातला ळ

सोमवारी वाऱ्याचा धडा घेतला.
जुन्या वहीच्या कागदाची पट्टी
प्रत्येकाच्या ओठांसमोर.
प म्हटलं, पट्टी जागच्या जागी.
फ म्हटलं, उडाली.
हुजैफानं ख असा काढला
की पुढच्या बाकावरच्या वेणीची रिबीन हलली.
अक्षराला श्वास असतो
हे मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी रबरबँड.
पीठ म्हणताना ताणायचा,
पिठलं म्हणताना सोडायचा.
विहंगचा तुटला, बोटावर लाल वळ उठला.
रडला नाही. म्हणाला,
"बाई, दुसरी वेलांटी चावली."
मग कुणाला तरी आठवलं,
बसच्या पाटीवर नेरुळ आहे
आणि औषधाच्या दुकानावर नेरूळ.
खरं कुठलं?
मी म्हटलं, ताणून बघा.

बुधवारी अडलो.

ळ.
शब्दाच्या तोंडाशी कधीच न येणारं अक्षर,
तक्त्यावरसुद्धा कमळाच्या शेपटाला धरून आलेलं.
कणकेच्या वळ्या केल्या,
दोन वेढे घातले, वर आडवी रेघ दिली.
"ही त चिंबोरी, बाई," मनस्वी म्हणाली,
"दोनी नांग्या मिटलेली."
सगळ्या वर्गानं चिंबोऱ्या केल्या.
हाताला आला ळ.
तोंडाला येईना.

डोला, म्हणते मनस्वी. जालं. सारसोले.
टाळ्या वाजवून तोडलं गावाचं नाव,
सा, र, सो, आणि चौथी टाळी
बरोबर वेळेवर पडली, ल वर.
तिच्या आज्याचं जालं, आईची टोपली,
जेट्टीवरची अख्खी सकाळ ल मध्ये चालते
आणि हिशेबात एक मासोली चुकत नाही.
लाल पेन मी पर्समध्ये टाकलं.
घरच्या जिभेवर फुली कशी मारायची?
पण पुढे कधीतरी एक पेपर येईल,
त्याला खाडीचा वास कळणार नाही.
हेही मला माहीत आहे.
दोन्ही माहीत असून मी खडू हातात घेऊन
नुसती उभी राहिले, चांगली दोन मिनिटं.

चित्रांची कार्डं वाटली.
पिवळा घड. हे काय?
"केलं!" वर्ग ओरडला.
खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं,
"बाळे."

भीमव्वा.
जूनपासून जिनं तोंड उघडलं नव्हतं.
आईबाप सेक्टरच्या नव्या इमारतीवर विटा वाहतात,
गाव कलबुर्गीच्या पलीकडे कुठेतरी,
मी तिच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं:
मराठी येत नाही, लक्ष द्यावे.
"बाळेहण्णु," ती म्हणाली,
ळ आणि ण, एकाच घडात,
दोन्ही पिकलेले.

पुन्हा म्हण, म्हटलं.
ती घाबरली. तिला वाटलं, चुकलं.
मनस्वी उठली, माझ्याकडे न बघता गेली,
आणि माशाचे कल्ले तपासावेत
तशी भीमव्वाच्या तोंडात वाकून बघू लागली.
"आ कर. परत बोल."
भीमव्वानं तळहात पालथा धरला,
चार बोटं वर उचलून मागे वळवली:
जीभ अशी.
मग सगळ्यांचे हात वळले,
पंचवीस जिभा टाळूकडे चाचपडल्या,
वर्गात थुंकी उडाली, हसू उडालं,
आणि कुठेतरी मध्येच, एकदाच,
मनस्वी म्हणाली,
सारसोळे.

शाळा सुटली. फाटकाशी तिची आई.
"आये, जालं सुकलं का?"
मी ऐकलं. बरं वाटलं, खरं सांगते.

शुक्रवारी बघतो तर
खिडकीत वाळत ठेवलेल्या एका ळचा
अर्धा वेढा मुंग्यांनी नेलेला.
उरलं त्याला काय म्हणायचं,
यावर वर्गात अजून भांडण चालू आहे.
विहंग म्हणतो, मोडका चष्मा.
मनस्वी म्हणते, एक नांगी तुटली.
खिडकीपाशी कुणीतरी तिसरंच काही म्हणतंय.
मला तो शब्द कळत नाही.
फळ्यावर लिहून ठेवलाय, ऐकला तसा.