शिंगचोच

वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता तिनं पक्षी.
चोच मोडलेली. मूठ शिंगाची.
मी कातडं बोटांत धरून म्हणालो, "म्हैस."
तीही म्हणाली, "म्हैस."
एक तरी शब्द पहिल्या फटक्यात जुळला,
दोघांनाही हायसं वाटलं.

भवानी पेठ, जिन्याखालचं दुकान,
साडेतीन फूट, मी बसलो की भरतं.
तिचं नाव रेत्नो. विद्यापीठात शिकते,
धनेशांच्या घरट्यांवर.
आजोबा तिकडे जावात, सोलोजवळच्या खेड्यात,
रात्रभर पडद्याआडून बाहुल्या नाचवायचे.
मला "पाक" म्हणते. वडीलधाऱ्याला तसं म्हणतात म्हणे.
मी मनात म्हटलं, साखरेचा की गुळाचा?
त्या खेळाचं नाव वायांग.
मला आधी "वाया" एवढंच ऐकू आलं.

आपण वहाणेचा तळ चार पदरी करतो,
त्याला खडीवरून चालायचं असतं.
हे कातडं कुणी खरवडून खरवडून
कांद्याच्या सालीवर आणलेलं,
वर पिसांची जाळी अशी की
कातड्यापेक्षा भोकंच जास्त.
आमच्यात भोक मोजून पाडतात,
अंगठ्याला एक, बंदाला दोन.
चुकलं की जोड गेला.

आणि माझंच चुकलं.
चोच सांधली, टाका नखाएवढा घातला,
शेवटी हाताच्या सवयीनं टोच्या ठोकला
चोचीच्या टोकाशी. आरपार.
बत्तीस वर्षांचा हात, त्याला काय सांगणार
की ही वहाण नव्हे.
मी तिला सांगितलं नाही.
कागदात गुंडाळून दिला, वर दोरी जरा जास्तच आवळली.

तिनं पैसे विचारले. मी म्हटलं, बघू.
तर म्हणाली, मग उद्या पहाटे चला.

गणेशखिंडीत जुना शिरीष, त्याला ढोली,
ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं,
मधे फट, माझ्या आरीच्या पात्याएवढी.
मादी आत. स्वतःच स्वतःला कोंडून बसलेली,
सव्वा महिना झाला, रेत्नोच्या वहीत तारीख होती.
राखी नर आला. डोक्यावर चोचीचं शिंग,
घशातून एकेक उंबर वर काढून
त्या फटीशी धरायचा.
आतून फक्त चोचीचं टोक यायचं.
टिपायचं. नाहीसं व्हायचं.
आम्ही दोघं चिंचेखाली, चहा गार.
तिच्याकडचे धनेश उडताना
पंखांचा आवाज येतो इंजिनासारखा, तिनं हात हलवून दाखवला.
आपला बिचारा गुपचूप येतो,
उधारी मागायला आल्यासारखा.

रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर
पलंगपोस बांधला, मागे एकच बल्ब.
पोरं शेंगा खात होती. मला पुढे खुर्ची दिली.
पक्षी पडद्यावर आला
आणि माझ्या पोटात खड्डा पडला:
चोचीच्या टोकाशी उजेडाचा ठिपका,
पक्ष्याबरोबर फिरणारा,
झाडाकडे जाणारा, थांबणारा, पुन्हा जाणारा.
माझं भोक.
पुढचं एक पोर ओरडलं,
"उंबर! उंबर आणलंय त्यानं!"

रेत्नो पडद्याआड होती. हसली की नाही,
मला दिसलं नाही. पण तिनं तो ठिपका
पार पडद्याच्या कडेपर्यंत नेला, सावकाश,
आणि झाडाच्या सावलीत ठेवून दिला.

घरी आलो तर भागूबाई जागी.
"काय मिळालं?"
सांगायला बसलो: शिरीष, चिखल, फट, पलंगपोस.
"ते नव्हे," ती म्हणाली, "पैसे किती?"
मी म्हटलं, विचारायचे राहिले.
तिनं ताटावरचं झाकण काढलं,
दोन भाकऱ्या, ठेचा, एक वाटी आमटी,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.