ओळ दोनशे तेरा

सावद्याच्या भारंब्यांकडचं काम:
केळी वेफर्सची चारशे बारा पाकिटं,
प्रत्येकावर पाहुण्याचं वेगळं नाव.
पूर्वी एका नावासाठी सिलिंडर कोरावा लागे,
आता मशीन एक्सेल वाचतं
नि एकेकाला हाक मारत सुटतं:
प्रिय टोपलूभाऊ, प्रिय यमुताई, प्रिय भालोदचे दाजी
(दाजींचं नाव कोणाला ठाऊक? दाजी म्हणजे दाजी).

जळगाव एमआयडीसी, रात्रीचा दीड,
पत्र्याखाली अजून दुपारचंच ऊन.
दोनशे तेरावं बाहेर आलं:
‘प्रिय नाव विचारणे,
आपण आलात, आनंद झाला.’

वधूपित्यानं स्वतःसाठी टिपून ठेवलेलं
मशीननं सोनेरी वेलबुट्टीसकट छापलं.
फोन लावला. लीलाधरशेठ झोपेतच,
‘तो नाही का, हळदीला जनरेटर... अरे तो!
राहू दे भो, सकाळी सांगतो.’

पात्यानं तेवढी फिल्म कापून काढली.
रोल उतरवणारा गडी पलीकडं बसलेला,
अडीच वर्षं ‘ए, रोल’ म्हटलं की येतो.
त्यानं अक्षर अक्षर लावून वाचलं.
‘हे कोणाचं?’
‘कोणाचंच नाही. घे तुला.’
‘रिकामंच?’

मग मलाच कसंतरी झालं. विचारलं.
‘खुमान. खुमान पावरा. चोपड्याच्या वर, डोंगरात.’

बॉलपेननं खोडून लिहायला गेलो.
या फिल्मवर शाई धरत नाही,
खु तेवढा उमटला,
मान माझ्या अंगठ्याला लागली.

एक्सेलमध्ये खाली एक ओळ वाढवली.
बिलात नाही.