दम

सहा बॅटऱ्या, दोन चार्जर,
वीज संध्याकाळी सहा ते अकरा.
बेटावरचं हे गणित माझ्या दुकानात सुटतं,
मिठाच्या पोत्यांवर, भिंतीतल्या एकुलत्या धड प्लगपाशी.
प्रत्येक बॅटरीवर मी नेलपॉलिशनं आकडा काढलाय,
नाहीतर ही सुतारमंडळी एकमेकांच्या पळवतात
आणि भांडायला माझ्याकडे येतात.

एक चार्जर जुना, गप्प.
एका बॅटरीला तीन तास घेतो.
हात लावला तर कोमट,
कोंबडीखालून काढलेल्या अंड्याइतकी.
दुसरा ब्रायाननं पुएर्तो मोंतहून आणला, पंखावाला.
चाळीस मिनिटांत भरतो आणि चाळीस मिनिटं घोरतो.
माझा नवराही घोरायचा,
पण एवढं काम करून नव्हे.

रुपेर्तो मियालोन्को, ब्रायानचा काका,
जुन्याच्या बाजूचा.
"घाईनं भरलेलं घाईनं सांडतं."
ब्रायान म्हणतो, काका, ही काय पाण्याची बादली आहे?
मला दोघांचंही पटतं,
आणि पेसो मी दोघांकडूनही तेवढेच घेते.

मार्चातली मोठी ओहोटी होती.
'पोर्फिआदा', म्हणजे हट्टी, चिखलात कुशीवर कललेली,
पोटाच्या दोन फळ्या कुजलेल्या.
चिलोएत बोट दुरुस्त करायला गोदी लागत नाही,
समुद्र स्वतः बाजूला होतो.
सहा तास.
मग तो परत येतो, आणि कुणाचं ऐकत नाही.

दुसऱ्या फळीला ड्रिल कण्हलं आणि थांबलं.
आदल्या रात्री पाच तासांत जेवढ्या भरल्या तेवढ्या भरल्या,
उरलेल्या दोन तशाच राहिल्या,
कुणाच्या रांगेमुळे, ते मी सांगणार नाही.

ब्रायान चढ चढून धापा टाकत आला.
मी फ्रिजसाठी ठेवलेला छोटा जनरेटर ओढला,
पंखावाल्यात चार नंबर बसवली.
लाल दिवा. लुकलुक, लुकलुक.
बॅटरी तापलेली, चार्जर घेईना.
पोरानं ती उचलून थेट फ्रिजमध्ये, माशांशेजारी घातली.
मी बाहेर काढली. पाणी धरेल, गाढवा.
खिडकीत ठेवली, खाडीच्या वाऱ्यात.
"दम खा," म्हटलं.
दोघांनाही.

नऊ मिनिटं.
इतकी लांब नऊ मिनिटं मी फक्त एकदाच काढलीत,
ती गोष्ट वेगळी.

मग पंखा सुरू झाला.
एक दांडी, दोन दांड्या, झरझर.
आणि तिसरीपाशी तोही मंदावला.
हे मला तोवर माहीत नव्हतं:
काठाशी आल्यावर घाई करणाराही हात आवरतो,
शेवटचा घोट थेंबाथेंबानं ओततो.
ब्रायान मात्र थांबला नाही,
तिसऱ्या दांडीवरच उपटून पळाला.

खाली रुपेर्तोनं गिरमिट काढलं होतं, बापाचं,
मुठीला तेल लावून ठेवलेलं.
अकरा स्क्रू चार नंबरनं मारले,
शेवटचे तीन गिरमिटानं,
गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहून, शिव्या देत,
पुतण्यानं टॉर्च धरलेला, हात थरथरत.
सांधीत सालीचा काथ्या ठोकला तेव्हा
'हट्टी' आधीच हलायला लागली होती.

कोण जिंकलं विचारू नका.
बोट तरंगते.
चार नंबर तेव्हापासून लवकर दमते,
रुपेर्तो ती कोंबड्यांच्या खुराड्यातल्या दिव्याला वापरतो.
ब्रायान आता घाईची बॅटरी डाव्या खिशात
आणि सावकाशची उजव्या खिशात ठेवतो.
त्यानं दोन्हीवर पट्ट्या चिकटवल्यात,
तरी मधूनमधून घोळ होतोच.

काल अकराला वीज गेली.
जुन्या चार्जरचा दिवा हिरवा व्हायला
जेमतेम एक घोट उरला होता.
मी अंधारात बॅटरीवर हात ठेवला. कोमट.
राहू दे. उरलेलं उद्या.