तीन ठिपके

छातीवर तीन निळे ठिपके आहेत, शाईचे.
किरणांचा नेम चुकू नये म्हणून टोचलेले,
सव्वीस वर्षांपूर्वी, मिरजेला.
सासू म्हणायची,
गोंदायचंच होतं तर तुळस तरी गोंदायचीस.

गाठ गेली.
किरणांनी जाता जाता
काळजाचं कातडं कमावून ठेवलं,
ते आत्ता कळतंय,
पंचगंगेचा घाट चढताना.

डॉक्टर कागदावर हृदय काढतात.
झडपेवर चुना साचलाय,
वरचं आवरण चिकटून बसलंय,
छातीचं हाडही लवकर भरायचं नाही.
"टाका धरेल का, तेवढंच बघायचं."

मी त्यांच्या बोटांकडे बघते.
माझी बोटं सुभाषनगरात
तीस वर्षं चपलांच्या वेण्या घालतायत.
कोरड्या कातड्यात आरी घातली
की भोक पडत नाही, चीर जाते.
"काठाला नगा घेऊ," मी म्हणते,
"जरा आतनं घ्या."

ते हसत नाहीत.
पेन खाली ठेवतात.
"किती आतनं?"

मी अंगठ्याचं नख दाखवते.

पिशवीत एक जोड राहिलाय.
डावा झाला,
उजव्याची वेणी अर्ध्यावर.
सोमवारी उपाशीपोटी यायचंय.
मधे रविवार आहे अजून.