कात्री

डॉक्टर वाघचौरेंचं अक्षर मला वाचावं लागत नाही.
सोमवार असेल तर पाच ओळी,
शनिवारी संध्याकाळी चार,
आणि टायवाला पोरगा बॅग मांडीवर घेऊन
पेशंटांच्या बाकावर बसून गेला
की पुढचे पंधरा दिवस
खोकला असो, कंबर असो, पाळी असो,
तळाशी तेच सिरप.
संत्र्याच्या वासाचं. एकशे अठ्ठ्याऐंशी.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
वर दवाखाना, खाली आमचं मेडिकल,
मधे अकरा पायऱ्या.
उतरताना माणसं चिठ्ठी उलटीसुलटी करतात,
जणू मागच्या बाजूला आकडा लिहिलेला असेल.

मसाला मार्केटचे माथाडी शेलार
मिरचीची धूळ खोकत येतात,
पाच दिवसांच्या गोळ्यांतल्या दोनच दिवसांच्या मागतात.
"तिसऱ्या दिवशी बघू, राहिलो तर घेऊ."
हसतात.
मी कात्री घेते.
स्ट्रिप अशी कापायची असते
की तारीख आपल्याकडच्या तुकड्यावर राहावी.
हे डी. फार्मला नव्हतं,
शेठनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

गावठाणातली नामीबाय सगळं काउंटरवर मांडून घेते,
प्रेशरची, ॲसिडिटीची, ताकदीची, झोपेची,
शेवटी ती बाटली,
आणि एकेकीवर बोट ठेवत विचारते,
"यातली कंची नाय घेतली तं चालंल, पोरी?"
कायद्याने माझ्याकडे उत्तर नाही.
मी म्हणते, डॉक्टरांना विचारा.
ती आत्ताच उतरलेल्या पायऱ्यांकडे बघते,
मग गुडघ्यांकडे.
मग माझी नजर, तोंड मिटून,
संत्र्याच्या बाटलीवर जरा जास्त वेळ थांबते.
तेवढं तिला कळतं.

डॉक्टर वाईट नाहीत, हेही इथेच सांगते.
सत्तर रुपये फी, तीही अर्ध्यांची वहीत.
सुई टोचली नाही तर लोकच जिन्यात म्हणतात,
नुसता हात लावून सोडलं.
ताकदीचं लिहिलं नाही तर म्हणतात,
आपल्याला गरीब समजला.

फेब्रुवारीत त्यांना बायपाससाठी वाशीला नेलं
आणि वीस दिवस खुर्चीत मुलगी बसली, मृण्मयी.
दोन ओळी. कधी एकच.
औषधाचं नाव सुटं सुटं, कंपनीचं नाहीच.
एकदा तर नुसतं: मिठाच्या गुळण्या, तीनदा.
तो कागद घेऊन माणूस माझ्यासमोर उभा,
मी त्याला काय देऊ?
शेठ रात्री गल्ला दोनदा मोजायचे.
टायवाला पोरगा खालीच विचारून परत जायचा,
"सर कधी बसणार?"
शेलार म्हणाले, "बाईंनी नीट तपासलं ना?
एवढ्यात बरं होतं का कोणी?"

नामीबायची चिठ्ठी एका ओळीची.
महिन्याच्या गोळ्या, एकोणचाळीस रुपये.
पदराच्या गाठीतून काढलेली पाचशेची नोट
तिने पुढे केली,
सुटे परत घेतले, पुन्हा मोजले.
मग त्या एकट्या गोळीवर बोट ठेवून,
सवयीनं,
"यातली कंची नाय घेतली तं चालंल?"

"एकही नाही, नामीबाय. रोज एक."
हे मी मोठ्याने म्हणाले. शेठना ऐकू गेलं.

तिने स्ट्रिप ट्यूबलाइटसमोर धरली,
वासही घेतला.
"मंग येवढी स्वस्त कशी?"

आणि गुडघ्यावर हात देत
परत पायऱ्या चढू लागली,
विचारायला.